बेडकाची पाठमोरी घसरण आणि मंडळाचा निकाल

सुज्ञ वाचकहो, पुढे जे निवेदन करण्यात येत आहे ते डिचोली येथे गणेशचवथीनंतरच्या दुसऱ्या रविवारी भरलेल्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेचे, तीत माझ्या हातून घडलेल्या एका कृतीचे, आणि त्या कृतीचा जो विपरीत अर्थ चार प्रतिष्ठित माणसांनी लावला त्याचे आहे. यात माझी बाजू आहे हे मी लपवीत नाही. परंतु घडले तेवढेच लिहीन, पदरचे काही घालणार नाही, आणि जेथे माझी चूक झाली तेथे ती चूक म्हणूनच लिहीन.

प्रथम खेळाविषयी, कारण ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना माझ्यावरील अन्यायाचे स्वरूप कळणार नाही. या खेळाचे नाव इंग्रजी असून तुये येथील आम्ही कारखान्यातील मंडळी त्यास नुसते 'फळ्या' म्हणतो. पडद्यावर तीन-चार फळ्या हवेत तरंगत असतात आणि त्यांवर दोन प्राणी एकमेकांशी झुंजतात. येथे कोणी रक्तबंबाळ होत नाही. फटका बसला की अंगावरचा आकडा वाढतो, आकडा जितका मोठा तितका प्राणी पुढच्या फटक्याला लांब उडतो, आणि जो फळ्यांवरून उडून वा पडून पडद्याबाहेर गेला त्याचा एक जीव गेला. प्रत्येकास जीव तीन. माझा प्राणी म्हणजे छत्री घेतलेला बेडूक होय.

मी नववीपर्यंत शिकलो. पुढे परिस्थितीमुळे शिक्षण खुंटले, परंतु वाचनाची आवड सुटली नाही. सध्या तुये येथील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात खोक्यांना चिकटपट्टी मारण्याचे काम करतो. पाळी तीन वाजता सुटते. त्यानंतर माझ्या गावाची, इब्रामपूरची, बस मिळेपर्यंत दीड तास मोकळा असतो, आणि तो दीड तास गेले वर्षभर मी माझा सहकारी निखिल याच्या घरी काढतो, कारण हा खेळ त्याच्या घरी आहे. आमचा तिसरा सोबती प्रशांत, मशीनवर काम करणारा, स्वभावाने तापट, आमच्या संघाचा कप्तान.

आता मूळ मुद्दा. त्या दीड तासात, एकदा चुकून, माझ्या बेडकाने एक अशी हालचाल केली की जी खेळाच्या माहितीपत्रकात कोठेही दिलेली नाही. बेडूक फळीच्या टोकाकडे धावत असता अगदी शेवटच्या क्षणी त्यास उलटा वळवावा, म्हणजे तो पाठमोरा फळीबाहेर जातो. त्याच क्षणी छत्री उघडून लगेच मिटावी. हे वेळेवर साधले तर छत्रीची मूठ फळीच्या कडेस अडकते आणि बेडूक फळीच्या खालच्या अंगाने, डोके खाली, पाय वर, अशा स्थितीत या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद घसरत जातो व पलीकडून वर येतो. मी तिचे नाव पाठमोरी घसरण असे ठेवले. ती पुन्हा साधण्यास मला सहा महिने लागले, आणि तीही आखूड फळीवर, दहा वेळांत एकदा.

हिचा उपयोग काय, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझी पत्नी सुविधा हिनेही विचारले होते. तो संवाद जसाच्या तसा देतो.

"तेना कोणाक मार बसता काय?"

"नाय."

"मगे आपलो मार तरी चुकता?"

"नाय. उलट जास्त बसता. पाठ करून असता मां तो."

"मगे काय होता?"

"काय नाय. सरकता."

"सरकता तर सरकांदे," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. हे एवढे समजूतदार उत्तर मला पुढे कोणाकडूनही मिळाले नाही.

आता स्पर्धेकडे वळतो. ती घेणाऱ्या मंडळाचे नाव मी सौजन्यास्तव घेत नाही. सचिव विठूभाय हे वयाने वडील, आदरणीय, आणि आयुष्यभर कबड्डीच्या स्पर्धा घेतलेले गृहस्थ आहेत. तरुणांच्या आग्रहाखातर त्यांनी यंदा फळ्यांची स्पर्धा ठेवली, पण नियम मात्र कबड्डीचेच ठेवले. त्यातील नववा नियम असा की, जो खेळाडू जाणूनबुजून सामना सोडील त्याच्या संपूर्ण संघास तीन वर्षे बंदी.

मंडळाच्या सभागृहात भिंतीला पांढरी चादर लावून तीवर खेळ दाखवला होता. आमचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. समोर डिचोलीचाच संघ. प्रशांत जिंकला, निखिल हरला, आणि सर्व भार माझ्यावर आला. माझ्यासमोर बसलेला खेळाडू म्हणजे अक्षयराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, स्नेहाचे, यजमान.

येथे आमच्याकडील एक चाल सांगणे भाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी माहेराहून वजे पाठवतात. त्यात नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, नारळ, केळी, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळे, असे टोपल्या भरभरून जाते. स्नेहाचे लग्न याच वैशाखात झाले. तिचे वजे मीच, बारा दिवसांपूर्वी, पाच टोपल्यांतून नेले होते, आणि ते उतरवताना अख्ख्या वाड्याने, म्हणजे त्यांच्या वस्तीने, पाहिले होते. तोच वाडा त्या दिवशी सभागृहात बसला होता.

सामना अटीतटीचा झाला. अक्षयरावांचा प्राणी मेंढा. त्यांचे हात गॅरेजात काम करणाऱ्याचे, भक्कम, आणि खेळही तसाच, सरळ धडक देणारा. दोघांचेही दोन जीव गेले. शेवटच्या जीवावर त्यांचा आकडा एकशे चाळीस, माझा साठ. म्हणजे छत्रीचा एक फटका बसला असता तर मेंढा थेट चादरीबाहेर. मी त्यास वर उडवला होता आणि तो खाली येत होता. मध्ये जेमतेम तीन सेकंद असतील.

आणि माझा अंगठा वळला.

मी ठरवले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. बेडूक सर्वांत लांब फळीच्या टोकाशी होता, धावत होता, आणि ती वेळ अशी बरोबर आली होती की जशी बसमध्ये खिडकीची जागा आपोआप समोर येते. बेडूक पाठमोरा गेला, मूठ अडकली, आणि त्या लांबच लांब फळीखालून, जी निखिलच्या घरी मला एकदाही साधली नव्हती, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. वर आला, आणि वर येताच उलट दिशेने पुन्हा सरकला. सभागृहातून "ओऽ" असा आवाज उठला. मी हर्षाने मान वळवून निखिलकडे पाहिले, त्याने पाहिले की नाही ते पाहण्यासाठी.

ही माझी चूक. ती मी चूक म्हणून लिहितो. मान पुन्हा चादरीकडे वळवली तेव्हा मेंढ्याने धडक दिलेली होती आणि माझा बेडूक छत्रीसह आभाळात बारीक होत होता.

विजेत्यांची ढाल अक्षयरावांच्या संघास मिळाली. परतीच्या बसमध्ये प्रशांत अस्नोड्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. मग बोलला तो सर्वांना ऐकू जाईल असा.

"वज्यात नेवऱ्यो दिलंस, नारळ दिलंस. ढाल तेवडी ऱ्हवली हुती, तीय पोचयलंस! पुढल्या चवथीक कारखानो दी."

"मी काय एक दिलंय नाय," मी म्हणालो.

"एकशे चाळीस हुतो तो! फुंकर मारलंस असतंस तरी गेलो असतो!"

"माका घसरण साधली रे. दोनदा. लांब फळयेर."

"तुजी घसरण बसांदे," असे म्हणून तो ड्रायव्हरजवळच्या जागेवर जाऊन बसला.

प्रशांत रागाच्या भरात बोलला, ते मी सोडून दिले असते. परंतु तीन दिवसांत हीच गोष्ट सर्वमुखी झाली. रघूने, म्हणजे मी, जावयाचा मान राखला, असे जो तो म्हणू लागला. कौतुकाने म्हणणारे अधिक होते आणि त्यांचाच मला अधिक संताप आला. आमच्या शेजारच्या पद्मावती काकूंनी तर मला दारात थांबवून, बहिणीवर माया असावी तर अशी, म्हणून डोळ्यांना पदर लावला. मी त्यांस समजावू लागलो की काकू, मी मजेसाठी उलटा सरकलो, तर त्या म्हणाल्या, "थोर मनशां अशीच सांगतत." आता यावर मनुष्याने काय करावे?

स्नेहाचा फोन आला.

"दादा, खरा सांग. सोडलंस काय?"

"नाय गो."

"मगे उलटो कशाक गेलंस?"

"मजा वाटली म्हणान."

तिने आवाज खाली आणला. "दादा, ह्या तू ह्येंका सांगू नको. ह्येंका आनीकच वायट वाटतला."

पण सांगण्याची पाळी दुसऱ्याच दिवशी आली. अक्षयराव मोटारसायकलवरून इब्रामपूरला आले, आणि अंगणातच उभे राहिले. माझी आई लक्ष्मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. लग्न होऊन वर्षही न झालेला जावई दारातून पाणी न घेता परत जाणे म्हणजे काय, हे आमच्याकडील वाचकांस सांगण्याची गरज नाही.

"दादा," ते म्हणाले, "माका घरात जावय समजा, खेळात समजू नकात. ढाल घेवन मी वाड्यात मिरवलंय. आता गॅरेजात येता तो इचारता, वजा पोचला मां? मी तुमका आपल्या हातान हरयलां, काय तुमी माका जिकूक दिलां? येक कायतां सांगा."

"तुमीच हरयलात, अक्षयराव."

"मगे माजो मेंढो वयसून येताना तुमी काय करी हुतात?"

"घसरण करी हुतंय."

"कित्याक?"

"मजा म्हणान."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माज्याम्होरे तुमका मजा करूक वेळ हुतो." त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवले. "ह्या निस्तरल्याबगर मी ह्या घरात येवचंय नाय. स्नेहा येयत, तिका माजी आडकाठी नाय."

ते गेले. आई तांब्या घेऊन बराच वेळ तेथेच उभी होती. ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तू बेडूक सोडून दुसरा कायतरी घी." हे ऐकून मला जे वाटले ते शब्दांत मांडण्याइतके माझे शिक्षण नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाने आम्हांस चौकशीसाठी बोलावले. एका बाजूला विठूभाय व तीन सदस्य, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघे, आणि मागच्या बाकावर हाताची घडी घालून अक्षयराव. मेजावर कागद आधीच टाईप करून ठेवलेला होता. विठूभायांनी तो माझ्यापुढे सरकवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी मान्य करतो. त्यात लिहिले होते की, नात्याचा मान राखण्यासाठी मी सामना सोडला, याबद्दल दिलगीर आहे. मी सही केली की घरगुती कारण म्हणून आमच्या संघाची बंदी माफ होणार होती. ढाल मात्र अक्षयरावांकडून परत घेऊन मंडळाच्या कपाटात राहणार होती.

"घाल सही," प्रशांत माझ्या कानाशी म्हणाला. "तीन वर्सांचो प्रस्न आसा. निखिलचा वय जाता."

"ह्या खोटा आसा," मी म्हणालो.

विठूभाय शांतपणे म्हणाले, "अरे रघुनाथ, जावयाक मान दिलो, हातूंत लज कसली? आमीय दिला आसतो. तू सही कर आनी चा घे."

"विठूभाय, मी मान दिलो नाय. मी घसरण केलंय."

"कारण?"

"कारण नाय. मजा."

"तू आडतीस वर्सांचो मनीस. संसारी. कारणाबगर मनीस कायय करता?"

तेव्हा माझा तोल गेला, आणि तो गेला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मी उभा राहून म्हणालो की, मी दिवसाला अकराशे खोक्यांना पट्टी मारतो आणि त्या प्रत्येक पट्टीला कारण आहे. घरी जाऊन मिरचीला पाणी घालतो, त्यालाही कारण आहे. दिवसाचा दीड तास, पडद्यावरचा एक बेडूक, एवढ्याला कारण नसले तर कोणाचे काय बिघडते? मी चोरी केली की चहाडी केली? आणि विठूभाय, तुम्ही स्वतः शिगम्याला ढोलावर एकच बोल अर्धा-अर्धा तास फिरवून फिरवून वाजवता, लोक पुढे चला म्हणतात तरी हटत नाही, त्याने कोणाचे पोट भरते?

"ती देवाची सेवा," विठूभाय म्हणाले.

 मी खाली बसलो. परंतु सही केली नाही.

तेव्हा सदस्यांपैकी एक म्हणाले, "अशी खरीच कायतरी घसरण आसा तर दाखव. आसली तर बरी, नासली तर सही."

कोपऱ्यात मंडळाचा टीव्ही होता. खेळ लावला. मी अकरा वेळा प्रयत्न केला आणि अकराही वेळा बेडूक सरळ खाली पडला. चौघे एकमेकांकडे पाहू लागले. प्रशांतने कपाळाला हात लावला. मग विठूभायांनीच सुचवले की समोर प्रतिस्पर्धी नसल्यामुळे तसे होत असेल, आणि अक्षयरावांस दुसरा कंट्रोलर देण्यात आला. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आमच्या अंगणातून गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नव्हते.

ते रागाने खेळले. मीही खेळलो, कारण मी सामना सोडणारा नव्हे हेही मला दाखवायचे होते. पाच मिनिटांत दोघांचे दोन-दोन जीव गेले. शेवटच्या जीवावर माझा आकडा एकशे पन्नासवर होता. मी धावलो, वळलो, छत्री उघडली, आणि मूठ अडकली. बेडूक फळीखालून सरकला, अर्ध्यापर्यंत गेला, आणि तेथेच अडकून डोके खाली लोंबकळत राहिला. निम्मी का होईना, घसरण सर्वांनी पाहिली.

मेंढा बरोबर त्याच्या वर उभा होता. एक लाथ आणि मी संपलो असतो. ढाल त्यांची ठरली असती, वाड्याची तोंडे बंद झाली असती, आणि त्यांनी मला कसलीही मदत न घेता हरवले हे सर्वांदेखत सिद्ध झाले असते. मी लाथेची वाट पाहिली.

मेंढा जरा थांबला. मग फळीच्या टोकाकडे धावला, शेवटच्या क्षणी उलटा वळला, पाठमोरा बाहेर गेला, आणि खाली पडून दिसेनासा झाला. त्याच्याजवळ छत्री नव्हती.



"मारलंस कित्याक नाय?" विठूभायांनी विचारले.

अक्षयराव टीव्हीकडेच पाहत होते. "विसारलंय."

"कितें विसारलंस? तो सामको तुज्या पायांकडे लोंबतालो!"

"हय. पण माका वाटला, मेंढ्याक जमता काय बघूया. शिंगां अडकतीत असा वाटला."  मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. "दादा, वळताना आंगठो आदी सोडतात काय मागसून?"

"आदी," मी म्हणालो. "पडण्याच्या भियेन मनीस मागसून सोडता. थयच चुकता."

"आदी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला.

वाचकहो, ज्या मनुष्यास जिंकण्याची एवढी निकड होती तोही त्या क्षणी मारायचे विसरला, यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या न्यायालयात मिळणार? मी विठूभायांकडे मोठ्या आशेने पाहिले. परंतु त्यांनी पेन उघडले, आणि सावकाश, वळणदार अक्षरांत नोंदवहीत लिहिले की, दोन्ही खेळाडू नात्यातील असून त्यांनी मंडळासमक्ष आळीपाळीने सामना सोडल्याचे दिसून आले. सबब दोन्ही संघांवर तीन वर्षे बंदी व ढाल मंडळाच्या ताब्यात.

मी निषेध नोंदवण्यास सांगितले. तो नोंदवला गेला नाही, कारण लिहून होताच विठूभाय उठून टीव्हीकडे गेले होते. तेथे एक सदस्य मेंढ्याला पाठमोरा पाडत होते आणि दुसरे त्यांच्या हातातून कंट्रोलर ओढत होते. "माका दी हंय," विठूभाय म्हणाले. त्यांनी बेडूक घेतला. मी मोजले, ते सलग सात वेळा पडले. त्यांनी ते सात सामने कोणास दिले, कोणत्या नात्याच्या मानासाठी दिले, असे त्यांस कोणीही विचारले नाही, आणि नववा नियम त्या वेळी कोणाच्याही स्मरणात नव्हता. पाऊण तासाने आम्ही बाहेर पडलो तेव्हाही आतून "गेलो, गेलो!" असा आवाज येत होता.

अक्षयराव त्याच दुपारी मला मागे बसवून इब्रामपूरला घेऊन आले. जेवताना आईने त्यांस तीनदा भात वाढला. ढाल गेल्याचे त्यांस वाईट वाटते का, असे मी विचारले. ते म्हणाले, वाटते, पण मेंढ्याची शिंगे कोठेतरी अडकलीच पाहिजेत. प्रशांत माझ्याशी अजून तुटकच बोलतो, आणि त्याचा राग मी समजू शकतो, कारण त्याची तीन वर्षे फुकट गेली.

परंतु मंडळाचा निकाल मी मान्य करीत नाही. मी सामना सोडला नाही. अक्षयरावांनीही सोडला नाही. आम्ही हरलो, कारण त्या वेळी आम्हांस त्याहून चांगले काहीतरी करावेसे वाटले. नोंदवहीत ही ओळ लिहिली जाईपर्यंत मी दर रविवारी मंडळास पत्र पाठवणार आहे. आजवर चार पाठवली आहेत.

हे निवेदन शेवटपर्यंत वाचल्याबद्दल वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

रघुनाथ गोविंद तुळसकर
इब्रामपूर, पेडणे